रिकाम्या दिवसांचे पैसे

मंदीची बातमी पेपरात यायच्या आधी माझ्याकडच्या हजेरीपटावर येते. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात मी कामगारांची हजेरी, पगार, पीएफ, ईएसआय म्हणजे कामगार विमा, हे सगळं बघते. आमच्याकडे हजेरीपट दोन. एक कारखान्याच्या माणसांचा, दुसरा कामगार पुरवणाऱ्या एजन्सीकडून आलेल्यांचा. पहिल्यातली नावं वर्षानुवर्षं तीच असतात. कुणी निवृत्त होतं, कुणी लग्न होऊन पुण्याला जातं, एवढाच फरक. दुसरा मात्र कधी चार पानांचा, कधी एका पानाचा. सूत महागलं की त्यातली नावं गळतात, आखातातून ऑर्डर आली की नवी भरली जातात. कारखान्याची तब्येत कशी आहे ते ताळेबंदापेक्षा या दुसऱ्या हजेरीपटावरून मला लवकर कळतं.

२०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर आधी २५ टक्के शुल्क लावलं आणि २७ तारखेपासून ते ५० टक्क्यांवर नेलं. नाताळात तिकडच्या दुकानात दिसायचा टॉवेल त्याच सुमाराला जहाजावर चढायला हवा असतो. नेमकं तेव्हाच खरेदीदारांनी "जरा थांबा" म्हटलं. माल विणून तयार, डब्यांवर लेबलं लागलेली, आणि कंटेनर बोलवायचा की नाही यावर रोज फोनाफोनी. आमचा कारखाना बंद पडला नाही. कुणाला कामावरून कमी केलं असा एकही कागद निघाला नाही. एजन्सीला संध्याकाळी एक फोन गेला, आणि दुसऱ्या दिवशी शिलाई खात्यातल्या निम्म्या मशिनींवर कापड झाकलेलं होतं.

हे फक्त सोलापुरात होतं असं नाही. अमेरिकेत दर महिन्याला रोजगाराचे सरकारी आकडे निघतात, त्यात तात्पुरत्या कामगारांचा आकडा वेगळा असतो आणि अर्थशास्त्राची माणसं त्याच्याकडे डोळा ठेवून असतात. मंदी यायची असली की तो आधी खाली जातो, आणि दिवस पालटायला लागले की आधी वर येतो. म्हणजे संकटाची पहिली झळ याच माणसांना, आणि कामावर पहिलं बोलावणंही त्यांनाच. या दोन गोष्टींच्या मधले जे दिवस असतात, त्यांच्याबद्दल मला लिहायचं आहे.

आधी कारखानदाराची बाजू सांगते, कारण ती मी रोज बघते. सोलापूरचे टॉवेल आणि चादरीचे कारखाने बहुतेक घरचे आहेत. आजोबांनी चार माग टाकले, वडिलांनी ते वाढवले, मुलानं निर्यातीचा परवाना काढला. सोलापुरी चादर आणि सोलापूरचा टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकनानं पुढच्या सहामाहीची ऑर्डर पक्की होत नाही. सुताचा भाव आज एक, महिन्यानं दुसरा. खरेदीदार पैसे देणार माल पोहोचल्यावर कितीतरी दिवसांनी, बँकेचं व्याज मात्र त्याच दिवसापासून चालू. अशा माणसाला अचानक मोठी ऑर्डर मिळाली तर तो तीस जणी शिलाईला कुठून आणणार? कायम घेतल्या तर ऑर्डर संपल्यावर काय करणार? चांगली एजन्सी चार दिवसांत माणसं उभी करते. कुणाचा हात ओव्हरलॉकवर बसलेला आहे, कुणाला चेकिंगची नजर आहे, रात्रपाळीला कोण येऊ शकतं, हे तिच्या सुपरवायझरला तोंडपाठ असतं. २०२०च्या टाळेबंदीनंतर कारखाने पुन्हा सुरू झाले तेव्हा कुणालाच पुढचा महिना दिसत नव्हता. त्या काळात एजन्सीच्या आधारावर जे चालू राहिले, त्यांनीच पुढे लोकांना काम दिलं. म्हणून ही पद्धतच वाईट, असं मी म्हणणार नाही. ती नीट चालवली तर कारखाना वाचतो, आणि कारखाना वाचला तरच त्याच्या दारात रांग लागते.

नीट चालवणं म्हणजे काय, ते बिलावर दिसतं. हजार रुपये मजुरी धरा. तिच्यावर पीएफचे मालकाकडचे बारा टक्के, वर विमा आणि प्रशासन खर्च मिळून जवळपास तेरा. ईएसआयचे सव्वातीन टक्के. बोनस कमीत कमी ८.३३. मग एजन्सीचा सेवा आकार, आणि या सगळ्या बेरजेवर १८ टक्के जीएसटी. हजाराचे दीड हजाराच्या वर जातात. जीएसटी पुढे वळता होतो, पण तोवर पैसा अडकतोच. कामगाराच्या हातात यातले किती पडतात? त्याच्या वाट्याचे बारा टक्के पीएफ आणि पाऊण टक्का ईएसआय कापून पावणेनऊशेच्याही आत. ही कापलेली रक्कम त्याचीच असते, ती त्याच्या नावावर जमा होत असेल तर. अडचण या "तर"मध्ये आहे. कुणी येऊन म्हणालं की मॅडम, मी जीएसटीसकट तेराशेत माणूस देतो, तर मी खुर्ची पुढे करायच्या आधी कागद मागते. हजाराची मजुरी, सगळे हप्ते आणि जीएसटी तेराशेत बसत नाहीत. त्यातला कुठला तरी हप्ता भरला जाणार नाही, आणि तो मालकाचाही नसेल, एजन्सीचाही नसेल.

कायद्यानं ही जबाबदारी कारखान्यावर टाकलेली आहे हे अनेक कारखानदारांना मान्य नसतं. "माणसं त्यांची, बघतील ते" असं म्हणायची सवय लागलेली असते. पण कंत्राटदारानं पगार बुडवला तर तो मूळ मालकानं द्यायचा, हे १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यातही ते आहे. नेमणूकपत्र प्रत्येकाला द्यायचं आहे. ठरावीक मुदतीवर थेट कारखान्याच्या पटावर घेतलेल्या माणसाला आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी लागू होते. आधी त्यासाठी पाच वर्षं काढावी लागत. हे चांगलंच झालं. पण माझ्या दुसऱ्या हजेरीपटावरच्या बायकांचा प्रश्न एका वर्षाचा नाही. त्यांचं एक सलग वर्ष होतच नाही.

सोलापूरला हे काम नवीन नाही. १८७७ साली इथे पहिली मोठी कापड गिरणी उभी राहिली, तिला आम्ही जुनी मिल म्हणतो, आणि तेव्हापासून या गावात रोजच्या रोज काम शोधणारी माणसं आहेत. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, एका मिलमध्ये बदली कामगार म्हणून लागले. भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, आज कोण आलं नाही ते जॉबर बघणार, आणि मोकळ्या मागावर कुणाला लावायचं ते ठरवणार. काम मिळालं तर पाळी, नाही तर परत घरी. आई सांगायची, अण्णा चप्पल दारात कशी काढतात त्यावरून तिला कळायचं की आज काम होतं की नव्हतं. जॉबरच्या मर्जीचा जाच त्यात होताच, त्या दिवसांना चांगलं म्हणायची माझी तयारी नाही. पण अण्णांकडे बदलीचा पास होता. यादीत त्यांचा नंबर होता. त्यांच्या आधी कोण आणि मागे कोण हे सगळ्यांना माहीत होतं, आणि नंबर डावलून कुणाला आत घेतलं तर युनियनवाले ओरडायचे. तो नंबर हळूहळू वर सरकत गेला आणि एक दिवस अण्णा कायम झाले. नव्वदच्या दशकात मिलला कुलूप लागलं, ते दुःख वेगळं.

आई घरी विड्या वळायची. पूर्व भागात आजही हजारो बायका तेच करतात. विडी कारखान्याच्या ब्रँचमधून पान-तंबाखू आणायची, पान भिजवायचं, कातरायचं, हजार विड्या वळून दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायच्या, आणि त्यातल्या किती छाटल्या जातात ते मुकाट बघायचं. मजुरी तुटपुंजी होती. त्या कामानं तिचं अंग मोडलं, खोकला मरेपर्यंत राहिला. तरी एक गोष्ट मी पगाराचं काम शिकल्यावर मला कळली आणि मी चकित झाले. घराच्या ओसरीत, कुणाच्याही देखरेखीविना काम करणाऱ्या माझ्या आईचा पीएफ कापला जात होता. १९७७ मध्ये विडी उद्योगाला भविष्य निर्वाह निधी लागू झाला. घरी वळणाऱ्या बायका आमच्या कामगारच नव्हेत असं कारखानदार म्हणाले, तेव्हा १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याही कामगारच असा निकाल दिला. मग आज चार भिंतींच्या कारखान्यात, सीसीटीव्हीखाली, अंगठा लावून आत येणाऱ्या बाईच्या पीएफचा पत्ता लागत नाही, असं का व्हावं? जे चाळीस वर्षांपूर्वी ओसरीत जमलं, ते एमआयडीसीत न जमायला काय कारण आहे?

तात्पुरत्या कामगारांच्या या कंपन्या जगात कशा सुरू झाल्या तेही मी वाचून काढलं. १९४६ साली डेट्रॉइटमध्ये विल्यम रसेल केली यांनी ऑफिसांना टायपिस्ट पुरवायला सुरुवात केली. १९४८ साली मिलवॉकीत दोन वकिलांनी तशीच कंपनी काढली. कोर्टाचं एक तातडीचं काम टाइप करायला त्यांना माणूस मिळाला नव्हता, त्यातून ती कल्पना निघाली. पाठवल्या जायच्या त्या मुख्यतः मुली आणि गृहिणी. यांचं घर नवऱ्याच्या पगारावर चालतं, हा पैसा वरखर्चाचा, असं तेव्हा धरून चाललं होतं. पद्धत त्या समजुतीवर उभी राहिली. आमच्या शिलाई खात्यात त्या समजुतीला काहीच जागा नाही. तिथल्या कितीतरी जणींच्या घरी तो एकच पगार आहे. नवरा यंत्रमागावर होता, तो माग भंगारात गेला. किंवा नवराच राहिला नाही.

असं असताना काम थांबलं की काय होतं ते जपाननं २००८ साली बघितलं. तिथे २००४ पासून कारखान्यांच्या कामावरही एजन्सीची माणसं घ्यायला परवानगी मिळाली होती. जागतिक मंदी आली, मोटारींची आणि इलेक्ट्रॉनिक्सची मागणी घटली, आणि कंपन्यांनी या माणसांना एकदम थांबवलं. त्यांची राहायची जागा कामाशी बांधलेली, त्यामुळे नोकरीबरोबर छप्परही गेलं. त्या वर्षअखेरीस टोकियोच्या हिबिया पार्कमध्ये स्वयंसेवी संस्था आणि कामगार संघटनांनी तंबू उभारले, आणि नववर्षाचे दिवस सुमारे ५०० माणसांनी तिथे काढले. समोर काही अंतरावर सरकारी मंत्रालयं. इतका श्रीमंत देश, शिस्तीचा देश, पण रिकाम्या दिवसांचं काय करायचं याचा विचार कराराच्या कागदावर कुणी केलेला नव्हता.

माझं म्हणणं एवढंच आहे. अनिश्चितता नाहीशी होत नसते. कारखानदारानं एजन्सीशी करार केला म्हणजे त्याच्या डोक्यावरची अनिश्चितता गेली असं त्याला वाटतं, आणि त्याच्यापुरतं ते खरंही आहे. पण ती गेली कुठे? ती विडी घरकुलातल्या, नई जिंदगीतल्या, कुंभारीच्या घरांतल्या एका बाईच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. एजन्सी मधे उभी आहे, तिच्याकडे ती थांबत नाही. हे ओझं एकानं उतरवून दुसऱ्याच्या खांद्यावर दिलं असेल तर ते वाहण्याचे पैसे द्यायला हवेत. आमच्याकडे उलटं आहे. जो अधिक अनिश्चित त्याला मजुरी कमी.

जगात सगळीकडे असं नाही. फ्रान्समध्ये एजन्सीमार्फत केलेलं काम संपलं आणि पुढे कायम नोकरी मिळाली नाही, तर साधारणपणे एकूण कमाईच्या दहा टक्के रक्कम वेगळी द्यावी लागते. ऑस्ट्रेलियात ज्यांना भरपगारी रजा नाही, कामाची शाश्वती नाही, अशा कामगारांना त्याच कामासाठी तासाला साधारण २५ टक्के जास्त मजुरी असते. तुझा उद्याचा दिवस आम्ही धरून ठेवत नाही, म्हणून आजच्या दिवसाचे जास्त घे.

पण फ्रान्स-ऑस्ट्रेलिया कशाला, आपल्या जिल्ह्यात काय आहे ते बघा. राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत, तीसच्या वर. माझे एक मामा त्यातल्या एका कारखान्यात हंगामी होते, उसाचा रस उकळतो त्या पॅनवर. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू व्हायचं, मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडायचा, आणि मामा घरी. पुढचे सहा-सात महिने कारखान्यात त्यांना काम नाही. पण पुढच्या हंगामात त्यांना बोलवायचं हे कारखान्यावर बंधनकारक होतं, आणि त्या रिकाम्या महिन्यांचा रिटेन्शन भत्ता त्यांच्या नावावर लागायचा. साखर उद्योगाच्या वेतन मंडळानं ही पद्धत घालून दिली. कुशल माणसाला जास्त, अकुशलाला कमी. त्यामागचा विचार अगदी सरळ आहे. कारखान्याला हंगामात हा अनुभवी माणूस पुन्हा हवा आहे ना? मग तो मधल्या काळात दुसरीकडे कायमचा जाऊ नये, उपाशी राहू नये, याची काहीतरी किंमत कारखान्यानं मोजावी. भत्ता वेळेवर हातात पडतोच असं नाही, त्यासाठीही कामगारांना भांडावं लागतं. तरी हक्क आहे आणि त्याला नाव आहे. मामी त्या पैशावर पोरांची जूनमधली वह्या-पुस्तकं घ्यायची. भत्ता उशिरा आला तर दुकानदार उधार द्यायचा, कारण तो येणार हे दुकानदारालाही माहीत होतं.

याच साखर कारखान्याला ऊस तोडून देणाऱ्या टोळ्यांना यातलं काही नाही. त्यांना मुकादम उचल देतो आणि ती फेडता फेडता हंगाम सरतो. एकाच कारखान्याच्या गेटच्या आत आणि बाहेर दोन वेगळे न्याय. आमच्या टॉवेलच्या कारखान्यातली एजन्सीची बाई यातल्या कुणासारखी व्हावी, पॅनवरच्या मामांसारखी की कोयत्यावरच्या जोडप्यासारखी, हे अजून ठरलेलं नाही. आत्ता ती मधे लोंबकळते आहे, आणि ते ठरवणं आमच्यासारख्यांच्या हातात थोडंफार असतं, असं मला मनापासून वाटतं.

थोडंफार म्हणजे किती, ते एका उदाहरणानं सांगते. शिलाईत एक काकू होत्या, हात फार स्वच्छ, टॉवेलची दुमडलेली कड कधी वाकडी जायची नाही. एप्रिलपासून त्या कामावर होत्या. जूनच्या शेवटी ऑर्डर आटली, त्यांना थांबवलं. जाताना त्यांनी विचारलं, "परत कधी बोलवनार मॅडम?" सप्टेंबरपर्यंत बोलावणं झालं नाही. पुढे जानेवारीत त्यांचं ऑपरेशन झालं. औषधपाणी कामगार विम्यातून झालं, पण आजारपणातला पगार मागायला गेल्या तेव्हा तो मिळाला नाही. ईएसआयचा हिशेब असा होता: एप्रिल ते सप्टेंबर हा एक वर्गणीचा काळ, त्यात किमान ७८ दिवसांची वर्गणी जमा असेल, तर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये आजारपणात मजुरीच्या सत्तर टक्के मिळतात. काकूंचे ७१ दिवस भरले होते. सात दिवस कमी. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. एजन्सीनं वर्गणी चोख भरली होती, कारखान्यानं बिल वेळेवर दिलं होतं, कागद सगळे बरोबर. फक्त जूनच्या शेवटी नावं कमी करताना कुणाचे किती दिवस भरले आहेत हे बघायची पद्धत नव्हती. सात दिवस त्यांना पॅकिंगला बसवलं असतं तरी चाललं असतं.

पीएफचंही तसंच. एक मदतनीस, तरुण पोरगा, तीन एजन्सींकडून तीन कारखान्यांत काम करून आमच्याकडे आला. त्याच्या नावावर तीन वेगवेगळे यूएएन, म्हणजे पीएफचे नंबर, निघाले, कारण दर वेळी आधीचा नंबर कुणी विचारला नाही आणि त्याला सांगायचं माहीत नव्हतं. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी धरली जाते. वेगवेगळ्या नंबरांवर विखुरलेली वर्षं एकत्र केली नाहीत तर ती मोजायला कोण येणार? त्याचे नंबर एकाखाली आणायला कितीतरी फेऱ्या झाल्या, आधार कार्डावरचं नाव आणि एका ठिकाणचं नाव यात वेलांटीचा फरक होता. पण झालं ते काम.

आणि २४० दिवसांचा ब्रेक. बारा महिन्यांत २४० दिवस भरले तर कायमपणाचा दावा उभा राहतो, म्हणून त्याच्या आत नाव काढायचं आणि काही दिवसांनी पुन्हा लावायचं, ही चाल सगळ्या एमआयडीसीला ठाऊक आहे. ऑर्डर नाही म्हणून थांबवणं मी समजू शकते. ऑर्डर असताना, मशीन मोकळी असताना, फक्त आकडा चुकवायला एका हुशार बाईला पंधरा दिवस घरी बसवणं याला मंदीचं कारण देता येत नाही. ती अनिश्चितता बाजारानं आणलेली नाही, आपण तयार केलेली आहे.

आमच्याकडे काही गोष्टी बदलल्या आहेत. एजन्सीबरोबरच्या करारात आता बोलावण्याची यादी जोडलेली असते. जिला आधी थांबवलं तिला परत आधी बोलवायचं असा साधा क्रम नाही; कारखान्यात एकूण किती दिवस काम केलं त्यावर नंबर. ही यादी शिलाई खात्याच्या दारावर लावलेली आहे, मराठीत आणि तेलुगूत. लावली त्या दिवशी बायका जेवणाच्या सुट्टीत डबे हातात धरून तिच्यासमोर उभ्या होत्या, स्वतःचं नाव बोटानं शोधत. एजन्सीच्या सुपरवायझरला ते आवडलं नाही. कुणाला बोलवायचं हे त्याच्या हातातून गेलं. अण्णांच्या जॉबरलाही ते आवडलं नसतं.

दुसरं म्हणजे ७८ दिवसांचा रकाना. थांबवायची नावं काढायच्या आधी मी प्रत्येकीचे भरलेले दिवस एजन्सीकडून मागवते. काठावर असलेल्यांना पॅकिंग, चेकिंग, साफसफाई, जे असेल ते काम देऊन तो आकडा पार करतो. यात कारखान्याचा खर्च फार नाही, हे मालकांना हिशेब मांडून दाखवल्यावर पटलं.

तिसरी गोष्ट एजन्सीनंच सुचवली, आणि ती मला फार मोलाची वाटते. सोलापुरात शाळेच्या गणवेशाचा मोठा धंदा आहे. त्यांची घाई मार्च ते जून, शाळा उघडायच्या आत. आमची निर्यातीची घाई पावसाळ्यात आणि त्याच्या पुढे. शिलाईचा हात दोन्हीकडे चालतो, महिनाभरात सफाई येते. एजन्सीनं दोन्हीकडचं वेळापत्रक जुळवलं तर एकीकडचं काम संपल्यावर तीच बाई दुसरीकडे जाऊ शकते, त्याच यूएएनवर, त्याच विमा नंबरवर, मधे खंड न पडता. एजन्सीनं मधे उभं राहून सेवा आकार घ्यायचा तो याचसाठी. माणूस पुरवणं हे अर्धं काम झालं. काम संपलं की त्या माणसाला पुढचं काम पुरवणं हे दुसरं अर्धं. पहिल्या वर्षी मोजक्याच जणी गेल्या. तिकडे पगार नगावर आणि इकडे दिवसावर, त्यावरून कुरबुरी झाल्या, दोघी परत आल्या. बाकीच्यांचा उन्हाळा मात्र रिकामा गेला नाही.

राहिला तो रिकाम्या दिवसांचा पैसा. मी करारात एक ओळ सुचवली आहे: मजुरीच्या पाच टक्के रक्कम दर महिन्याला बिलात वेगळी धरावी, ती कामगाराच्या नावावर साठावी, आणि काम थांबेल त्या दिवशी तिच्या खात्यात जावी. ७८ दिवस भरलेल्या बाईला त्यातून जवळपास चार दिवसांची मजुरी मिळेल. मालक म्हणाले, "चार दिवसांच्या पगारानं काय होतंय?" मी शिलाईतल्या एका अक्कांना वर बोलावलं आणि त्यांनाच विचारायला सांगितलं. अक्का उभ्याउभ्याच म्हणाल्या, "साहेब, एक सिलिंडर येतंय, आणि बचत गटाचा हप्ता चुकत नाही." मालकांनी कागद परत दिला नाही, सहीही केली नाही. एजन्सीवाले म्हणतात की शेजारचे कारखाने देत नाहीत, मग आमचंच बिल महाग दिसेल. त्यात तथ्य आहे, म्हणून तोच कागद मी आमच्या रस्त्यावरच्या आणखी तीन कारखान्यांच्या पगार बघणाऱ्यांना दिला आहे. एकीनं तो वाचून पाचाचे तीन टक्के केले आणि तिच्या मालकांपुढे ठेवला. आमचा करार मार्चअखेर संपतो. नव्या करारात ती ओळ मी घालून पाठवणार आहे. कुणाला ती खोडायची असेल तर खोडलेल्या जागी सही करावी लागेल.